अर्जातला ‘मुख्य विषय’ हा रकाना : निधी आणि निवड समित्यांना खुलं पत्र

प्रति,
संशोधनाला निधी देणाऱ्या आणि विद्यापीठांतल्या नेमणुका-बढत्या ठरवणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य,

स. न. वि. वि.

तुमच्या अर्जाच्या पहिल्याच पानावर ‘मुख्य विषय’ नावाचा एक रकाना असतो. सोबत विषयांची यादी असते आणि त्यातल्या एकाच नावापुढे खूण करायची असते. गेली तीस वर्षं मी हा रकाना भरते आहे आणि दर वेळी माझा हात तिथे थबकतो. मी पर्यावरण अभियांत्रिकीची प्राध्यापक. हवेत तरंगणारे सूक्ष्मकण हा माझा अभ्यास. कण हवेत तरंगत कसा राहतो हे भौतिकशास्त्र, तो कशाचा बनला आहे हे रसायनशास्त्र, त्यात जिवंत विषाणू असेल तर सूक्ष्मजीवशास्त्र, श्वासाबरोबर तो कुठवर उतरतो हे वैद्यक आणि खोलीतून त्याला बाहेर कसं काढायचं हे अभियांत्रिकी. खूण कुठे करू?

प्रश्न कारकुनी वाटेल. पण या एका रकान्यापायी केवढी किंमत मोजावी लागते हे मी पाहिलं आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. येत्या वर्षात मी निवृत्त होते आहे. स्वतःसाठी मला आता तुमच्याकडून काही नको. तुमच्यासमोर अर्जदार म्हणून मी अनेकदा बसले, तशीच तुमच्यात बसून दुसऱ्यांचे अर्ज मी नाकारलेही आहेत. त्यातल्या दोन-तीन अर्जांची मला आजही आठवण येते आणि वाईट वाटतं.

आधी आमचं काम काय असतं ते सांगते, कारण समितीतल्या अनेकांनी ते जवळून पाहिलेलं नसतं. ‘पीएम २.५’ हे नाव आता सगळ्यांच्या तोंडी आहे : २.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. हे कण मोजायची मूळ पद्धत ऐकायला अगदी सोपी आहे. मिनिटाला १६.७ लिटर या ठरलेल्या वेगाने २४ तास हवा ओढायची, मोठे कण वाटेतल्या वळणावर अडवायचे, उरलेले गाळणकागदावर गोळा करायचे आणि कागदाच्या नंतरच्या वजनातून आधीचं वजन वजा करायचं. दिवसभरात त्या कागदातून २४ घनमीटर हवा जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठी सुचवलेली मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे हवा नेमकी मर्यादेवर असेल तर कागदावर जमतात ३६० मायक्रोग्रॅम, अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी. आणि कागदाचं स्वतःचं वजन याच्या कितीतरी पट!

खोलीतला दमटपणा बदलला की कागदाचं वजन बदलतं. कागदावर स्थिर विद्युतभार राहिला की तराजूचा आकडा भरकटतो. म्हणून कागद ठरावीक तापमानाला आणि ठरावीक आर्द्रतेला दिवसभर ठेवून द्यायचे, चिमट्यानेच उचलायचे, प्रत्येकाचं वजन पुन्हा पुन्हा करायचं. मधूनमधून एखादा कोरा कागद नमुन्यांबरोबर तसाच न्यायचा, तसाच परत आणायचा आणि तोलायचा, म्हणजे नुसत्या हाताळण्याने किती भर पडली ते कळतं. पंपाचा वेग थोडा जरी ढळला तरी दोन चुका एकदम होतात : ओढलेल्या हवेचा हिशेब चुकतो आणि वळणावर अडणाऱ्या कणांचा आकारही बदलतो. यातलं काहीच शोधनिबंध वाचणाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतो एक आकडा.

माझ्या एका विद्यार्थ्याने कण मोजणाऱ्या एका यंत्राच्या प्रमाणीकरणात चौदा महिने घातले. हे यंत्र कणाला लेझरच्या झोतातून जाऊ देतं आणि त्याने किती प्रकाश विखुरला त्यावरून त्याचा आकार सांगतं. पण काजळीचा कण बराचसा प्रकाश गिळून टाकतो, मिठाचा कण तो विखुरतो आणि दमट हवेत तोच मिठाचा कण पाणी धरून फुगतो. त्यामुळे एकाच आकाराचे दोन कण यंत्राला निरनिराळ्या आकारांचे वाटतात. या पोराने एकेका प्रकारासाठी दुरुस्ती शोधून काढली. रात्री-अपरात्री मी प्रयोगशाळेत डोकावले तर हा वहीत आकडे उतरवत बसलेला असे. आज आमच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडणारा प्रत्येक आकडा त्या दुरुस्तीवर उभा आहे. नेमणुकीच्या मुलाखतीत त्याला विचारलं गेलं, “या काळात तुमचा एकच शोधनिबंध कसा काय?” जागा त्याला मिळाली नाही आणि तो हे क्षेत्रच सोडून गेला. आमच्या विषयातलं एक साधं गणित आहे : १० मायक्रॉनच्या एका कणाइतकं वजन भरायला ०.१ मायक्रॉनचे दहा लाख कण लागतात. मोजणी संख्येने केली तर तो एक कण नजरेतही भरत नाही, म्हणून आम्ही संख्या आणि वजन दोन्ही नोंदवतो. त्या मुलाखतीत नुसती संख्या बघितली गेली.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले तिकडे वळते.

फटीतून घरात शिरलेल्या कवडशात नाचणारे कण लहानपणी सगळ्यांनी पाहिलेले असतात. त्या कणासाठी आपल्याकडे ‘त्रसरेणू’ असा जुना शब्दही आहे. १८७० च्या सुमारास भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी तोच कवडसा प्रयोगशाळेत आणला. हवेतून प्रकाशाचा झोत सोडला, खाली ज्योत धरली, तर ज्योतीवरची हवा काळीभोर दिसू लागली. झोत चमकत होता तो हवेतल्या कणांमुळे आणि ते कण जळून गेले होते. त्यातले पुष्कळसे कण सेंद्रिय असावेत, रोगही असेच पसरत असावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे स्कॉटलंडमध्ये जॉन एटकेन यांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांभोवती पाण्याचा थेंब जमवून ते मोजायची युक्ती काढली. आजही अतिसूक्ष्म कण मोजणारी आमची यंत्रं याच तत्त्वावर चालतात, फक्त पाण्याऐवजी बहुधा अल्कोहोलची वाफ वापरतात.

मग हा धागा तुटला. १९१० मध्ये चार्ल्स चॅपिन या सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्यांनी रोगसंसर्गावर एक वजनदार ग्रंथ लिहिला आणि हवेतून रोग पसरतो ही समजूत जवळपास मोडीत काढली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. ‘दूषित वाऱ्याने’ रोग होतात या जुन्या कल्पनेशी ते झगडत होते. हवेलाच दोष देता आला तर लोक हात धुणार नाहीत, स्पर्श टाळणार नाहीत, ही त्यांची भीती होती. हात धुण्याने असंख्य जीव वाचले हेही खरं. पण तेव्हापासून ‘हवेतून’ म्हणणाऱ्यावरच पुरावा आणायची जबाबदारी येऊन पडली, आणि ‘हवेतून नाही’ म्हणणाऱ्याकडे पुरावा कुणी मागेना.

विल्यम वेल्स शिक्षणाने अभियंते होते आणि त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड वेल्स डॉक्टर होत्या. मला ही जोडी फार मोलाची वाटते, कारण रोग हवेतून पसरतो का, हा प्रश्न एकाच माणसाच्या आवाक्यातला नव्हता. १९३४ मध्ये वेल्स यांनी दाखवलं की तोंडातून उडालेल्या थेंबापुढे दोन रस्ते असतात : जमिनीवर पडायचं, नाहीतर पडण्याआधी सुकून हवेत तरंगत राहायचं. त्यांच्या हिशेबात ही सीमारेषा साधारण १०० मायक्रॉनवर येत होती. पुढे बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात क्षयरोग्यांच्या वॉर्डमधली हवा वरच्या खोलीतल्या गिनीपिगांपर्यंत नेण्यात आली. वेल्स यांचे शिष्य रिचर्ड रायली यांनी हे प्रयोग तडीला नेले. नळातून आलेल्या हवेखेरीज रुग्णांशी कुठलाही संबंध नसलेल्या प्राण्यांना क्षय झाला. ज्या गिनीपिगांकडे जाणारी हवा अतिनील किरणांतून नेली होती, ते वाचले.

क्षयाचे जंतू घर करतात ते फुफ्फुसाच्या अगदी तळाशी. तिथवर पोचायला कण ५ मायक्रॉनपेक्षा लहान असावा लागतो. हे खरं आणि महत्त्वाचं. पण पुढच्या काळात मार्गदर्शक पुस्तिकांमध्ये दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या. ‘फुफ्फुसाच्या तळाशी कोण पोचतो’ याचा आकडा ‘हवेत कोण तरंगतो’ याचा आकडा म्हणून छापला जाऊ लागला. ५ मायक्रॉनहून मोठा कण म्हणजे थेंब, तो ३ ते ६ फुटांच्या आत खाली पडणार, असं डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या पिढ्यांना शिकवलं गेलं.

हा आकडा चुकीचा आहे हे कळायला नवा प्रयोग लागत नाही. कण किती वेगाने खाली पडतो याचा जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेला नियम पुरतो, आणि तो आम्ही पदवीच्या मुलांना शिकवतो. स्थिर हवेत उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून, म्हणजे दीड मीटरवरून, कण सोडले तर १०० मायक्रॉनचा थेंब सहा सेकंदांत जमिनीला लागतो. १० मायक्रॉनच्या कणाला सुमारे आठ मिनिटं लागतात, ५ मायक्रॉनच्या कणाला अर्ध्या तासाहून थोडं जास्त, आणि १ मायक्रॉनच्या कणाला जवळजवळ बारा तास. हे झालं स्थिर हवेचं. माणसं वावरत असलेल्या खोलीत हवा कधीच स्थिर नसते. अंगाच्या उबेनेही ती वर चढत असते, आणि तिचा वेग ५ मायक्रॉनच्या कणाच्या पडण्याच्या वेगापेक्षा कैक पट जास्त असतो. परीक्षेत विद्यार्थ्याने ‘५ मायक्रॉनचा कण ६ फुटांत खाली पडतो’ असं लिहिलं तर आम्ही त्याला शून्य गुण देऊ. तेच वाक्य दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या विभागात, पाठ्यपुस्तकात होतं आणि आम्ही ते कधी उघडून पाहिलं नव्हतं.

पाहिलं ते लिन्सी मार यांनी. त्याही माझ्यासारख्याच पर्यावरण अभियांत्रिकीच्या प्राध्यापक, व्हर्जिनिया टेकमध्ये. सुरुवात त्यांनी शहरी हवेच्या प्रदूषणापासून केली होती. मुलगा पाळणाघरात जायला लागला आणि मुलं एकामागून एक आजारी पडताना दिसली, तेव्हा त्यांनी विचारलं की आपण धुराचे कण मोजतो त्याच रीतीने हवेतले विषाणू का मोजू नयेत? २०११ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यकेंद्र, पाळणाघर आणि विमानं अशा ठिकाणच्या हवेतून इन्फ्लुएन्झाचा विषाणू गोळा करून तो कोणकोणत्या आकारांच्या कणांत बसला आहे ते मोजलं. बराचसा विषाणू तासन्‌तास तरंगू शकणाऱ्या बारीक कणांत सापडला. म्हणजे २०२० उजाडायच्या नऊ वर्षं आधी मोजमाप छापून झालं होतं. संसर्ग-नियंत्रणाचे नियम लिहिणाऱ्यांपर्यंत ते पोचलं नाही.

मग २०२० आलं. १० मार्चला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट इथल्या एका गायनवृंदाची अडीच तास तालीम झाली. ६१ जण हजर होते. त्यांतले ५३ आजारी पडले आणि दोघं दगावले. मंडळींनी जपूनच वावर केला होता, पण ती एका बंद खोलीत दीर्घ श्वास घेऊन गात होती. पुढे २८ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने समाजमाध्यमावर जाहीर केलं की कोविड-१९ हवेतून पसरत नाही. मी ते वाचलं तेव्हा प्रयोगशाळेत एकटीच होते. किती तरी वेळ नुसती बसून राहिले.

जुलैत भौतिकशास्त्रज्ञ लिडिया मोराव्स्का आणि डॉक्टर डोनाल्ड मिल्टन यांनी हवेतून होणाऱ्या संसर्गाची दखल घ्या असं आवाहन प्रसिद्ध केलं. ३२ देशांतल्या २३९ शास्त्रज्ञांनी त्याला पाठिंबा दिला. दरम्यान मार आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मदतीने केटी रँडल या संशोधिकेने जुने कागद उपसून ५ मायक्रॉनचा आकडा मुळात कुठून शिरला ते शोधलं. २०२४ च्या एप्रिलमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी परिभाषा स्वीकारली आणि थेंब व कण यांच्यातली ती आकाराची भिंत काढून टाकली. चार वर्षं लागली. मधल्या काळात किती जणांनी पृष्ठभाग पुसण्यात जीव आटवला आणि खिडक्या मात्र बंद ठेवल्या, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

या सगळ्यात डॉक्टर चुकले आणि अभियंते बरोबर होते, असा माझा दावा नाही. आमच्याकडूनही कसूर झाली. आम्ही आमच्याच परिषदांत आमच्याच लोकांसमोर बोललो. व्यासाचे लॉगॅरिथम आणि वितरणांचे आलेख यांच्यापलीकडे, वॉर्डातल्या परिचारिकेला उपयोगी पडेल असं एक पानही वर्षानुवर्षं लिहिलं नाही. शिवाय हवेत विषाणूची जनुकं सापडणं वेगळं आणि तो विषाणू जिवंत असणं वेगळं, हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आम्हाला बजावत होते ते योग्यच होतं. आमच्या पंपांच्या माऱ्यात विषाणू मरून जातात हे मान्य करायला आम्हाला वेळ लागला. प्रत्येकाच्या हातात हत्तीचा एकेक अवयव होता म्हणा ना. पण आंधळ्यांच्या त्या गोष्टीत निदान सगळे एकाच हत्तीभोवती उभे असतात. इथे आम्हाला निरनिराळ्या इमारतींत बसवलेलं होतं, आणि कोणी कुठे बसायचं ते तुमच्या यादीतल्या खुणेवरून ठरत होतं.

माझाच अनुभव सांगते. महासाथीच्या बऱ्याच आधी संसर्गरोगांचे एक डॉक्टर आणि मी मिळून प्रस्ताव लिहिला होता : वॉर्डच्या हवेतले कण आकारवार गोळा करायचे आणि कोणत्या आकारात किती जिवंत विषाणू आहे ते पाहायचं. अभियांत्रिकीच्या समितीने लिहिलं, प्रस्ताव चांगला आहे पण हा वैद्यकाचा विषय आहे. आम्ही तो वैद्यकाच्या समितीकडे पाठवला. तिने लिहिलं, प्रस्ताव रंजक आहे पण यात उपकरणांचीच चर्चा जास्त आहे, अभियांत्रिकीकडे पाठवावा. धड ना इकडचा, धड ना तिकडचा. तिसऱ्यांदा पाठवायचं बळ माझ्यात उरलं नाही. डॉक्टरांना त्यांचे रुग्ण होते, मला माझे वर्ग होते. तो प्रस्ताव अजून माझ्या कपाटात आहे. दोन्ही समित्यांतली माणसं प्रामाणिक होती, त्यांनी आपापल्या हद्दीतलं काम चोख केलं. म्हणूनच मी माणसांना दोष न देता त्या हद्दीबद्दल तक्रार करते आहे.

आणखी एक गोष्ट आहे वेळेची. सहा शहरांतल्या हवेचा आणि मृत्यूंचा संबंध दाखवणारा हार्वर्डचा प्रसिद्ध अभ्यास १९९३ मध्ये छापून आला. त्यासाठी आठ हजारांहून अधिक प्रौढांच्या प्रकृतीचा १४ ते १६ वर्षं मागोवा घेतला गेला होता. धूम्रपान वगैरे गोष्टींचा हिशेब वजा केल्यावरही सर्वांत प्रदूषित शहरातलं मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहराहून २६ टक्के जास्त निघालं, आणि बारीक कणांशी त्याचा संबंध ठळक होता. १९९७ मध्ये अमेरिकेने पीएम २.५ साठी पहिल्यांदा मानक ठरवलं, त्यामागे हा अभ्यास होता. आता तीन वर्षांच्या अनुदानात आणि दरवर्षीच्या प्रगती-अहवालात असं काम बसवून दाखवा. पाचव्या वर्षी अशा संशोधकाकडे दाखवायला काय असतं? गाळणकागदांनी भरलेली कपाटं आणि नोंदवह्या. बढतीच्या समितीत मी स्वतः अशा एका अर्जावर ‘निष्कर्ष अद्याप नाहीत’ असा शेरा लिहिला होता. आज तो शेरा मागे घेता आला तर मी घेईन.

आता विनंत्या. त्या मोठ्या नाहीत.

‘मुख्य विषय’ या रकान्यात दोन किंवा तीन खुणा करू द्या, आणि जिथे दोन खुणा असतील तिथे दोन्ही क्षेत्रांतली माणसं एकाच टेबलाशी, एकाच वेळी, मतदानाच्या हक्कासह बसवा. बाहेरच्या तज्ज्ञाचं लेखी मत मागवून ते फायलीत लावणं पुरेसं नसतं. मी अशी मतं दिली आहेत आणि ती वाचली गेली नाहीत हेही पाहिलं आहे. समोरासमोर बसल्यावर डॉक्टर विचारतो, “हा कण किती वेळ टिकतो?” आणि अभियंता विचारतो, “किती विषाणू पोचले म्हणजे माणूस आजारी पडतो?” ज्या प्रश्नांसाठी आम्हाला शंभर वर्षं लागली ते पाच मिनिटांत टेबलावर येतात.

प्रमाणीकरण, दीर्घकाळाच्या नोंदी, इतरांना वापरता येतील अशा रीतीने लावलेली माहिती, मानकं ठरवणाऱ्या मंडळांवर घातलेला वेळ, हे सगळं बढतीच्या वेळी काम म्हणून मोजा. आणि साध्या गोष्टींनाही संशोधन माना. २०२० मध्ये रिचर्ड कोर्सी या पर्यावरण अभियंत्याने आणि गाळणी बनवणाऱ्या जिम रोझेंथल यांनी चार-पाच चौकोनी गाळण्या आणि वर एक साधा पंखा अशी पेटी सुचवली. ती कुणालाही चिकटपट्टीने जोडता येते आणि वर्गातली हवा ती झपाट्याने गाळते. त्यामागचं शास्त्र मुळीच साधं नाही. गाळणी ही चाळण नव्हे, हे समजावताना आमची अर्धी हयात गेली. मोठा कण वळणावर धाग्याला आदळून अडकतो, अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतो आणि धाग्याला चिकटतो, आणि सर्वांत जास्त निसटतात ते मधले, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे. म्हणून गाळणीची परीक्षा त्याच आकारावर घेतात. ‘विषाणू तर ०.१ मायक्रॉनचा, तो भोकातून सहज जाईल’ हा युक्तिवाद महासाथीत शिकलेल्या माणसांनीही केला. त्याला उत्तर देऊ शकणारी ही पेटी कुठल्या नामांकित नियतकालिकातल्या सिद्धान्तापेक्षा उणी ठरू नये.

तिसरी विनंती माणसांची आहे. उपकरण घ्यायला पैसे मिळतात, ते सांभाळणाऱ्याला मिळत नाहीत. आमचा सूक्ष्मतराजू बावीस वर्षं ज्या तंत्रज्ञांनी सांभाळला ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पंपाच्या नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं की प्रवाह ढळला आहे. त्यांची जागा अजून भरलेली नाही. तराजूच्या खोलीतली आर्द्रता सध्या विद्यार्थी पाळीपाळीने येऊन नोंदवतात, सुट्टीच्या दिवशी ती नोंदवलीच जात नाही, आणि त्या दिवसांचे कागद आम्हाला बाद करावे लागतात. एका माणसाच्या पगाराअभावी गेलेले ते दिवस पुन्हा मोजता येणार नाहीत, कारण ती हवा आता तिथे नाही.

शेवटी एका अर्जाबद्दल. आमच्या विभागातली एक तरुण सहकारी आणि फुफ्फुसरोगांची एक डॉक्टर, दोघींनी मिळून यंदा प्रस्ताव तयार केला आहे. मी त्यात कुठेही नाही. वर्गखोल्यांतली हवा गाळली तर मुलांच्या आजारपणात किती फरक पडतो हे त्यांना सलग सहा वर्षं मोजायचं आहे, कणांच्या आकारासकट. माझ्या कपाटातला जुना प्रस्ताव मी त्यांना वाचायला दिला. त्यांनी माझा एक हिशेब दुरुस्तही केला, याचा मला फार आनंद झाला. अर्जात ‘मुख्य विषय’ या रकान्यात त्यांना दोन नावांपुढे खूण करायची आहे. संगणकाची प्रणाली दुसरी खूण स्वीकारत नाही आणि अर्ज परत पाठवते. मुदत संपायला अकरा दिवस उरले आहेत. तोवर प्रणाली बदलता येत नसेल, तर तो अर्ज त्या दोघी कागदावर घेऊन तुमच्या कार्यालयात येतील. कृपया तो दोन खुणांसह दाखल करून घ्यावा.

आपली नम्र,
पर्यावरण अभियांत्रिकीची एक प्राध्यापक